छोट्या शहराचा विमानतळ तोट्यात आहे, मग तो चालवायचा कशाला?

प्रश्न असा आहे: अमेरिकेतलं तीस-एक हजार वस्तीचं शहर, शहराच्या मालकीचा म्युनिसिपल एअरपोर्ट, तिथून एकही एअरलाइन उडत नाही, दरवर्षी सिटी कौन्सिल बजेटमधून तूट भरून काढते, आणि आता कौन्सिलमधले दोघं-तिघं म्हणतायत की श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी आपण टॅक्स का भरायचा, बंद करा आणि जमीन घरांसाठी विका. प्रश्न विचारणाऱ्यांना हे पटतंही आहे आणि नाहीही, म्हणून विचारतायत की याचा शहराला खरंच उपयोग काय.

मी या कामात वीस वर्षांच्या वर आहे, आधी रनवेच्या डिझाइनचं काम केलं आणि नंतर अशाच एका छोट्या विमानतळाचा मॅनेजर होतो, त्यामुळे जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझं म्हणणं एवढंच आहे की विमानतळ काय कमावतो हे विमानतळाच्या वहीत दिसतच नाही. ते दिसतं कारखान्याच्या वहीत, हॉस्पिटलच्या, शेतकऱ्याच्या वहीत. हायवेवरून गावात येणारा रस्ता वर्षाला किती कमावतो असं कोणी विचारत नाही, विमानतळाला मात्र दरवर्षी विचारतात, कारण त्याचं बजेट वेगळ्या पानावर असतं.

आधी एक गैरसमज. तुमचा विमानतळ काही जगावेगळा नाही. अमेरिकेत सगळ्यांना वापरता येतील असे साधारण ५,००० विमानतळ आहेत, त्यातले ३,३०० च्या आसपास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय आराखड्यात आहेत म्हणजे त्यांना केंद्राचा निधी मिळू शकतो, आणि वर्षाला १०,००० पेक्षा जास्त प्रवासी जिथून चढतात असे विमानतळ ४०० सुद्धा नाहीत. म्हणजे बहुतेक सगळे तुमच्यासारखेच, एअरलाइन नसलेले. यातले कितीतरी दुसऱ्या महायुद्धात लष्कराने बांधले आणि युद्ध संपल्यावर १९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी कायद्याखाली शहरांना देऊन टाकले, फुकट, पण अटी घालून. ही अट पुढे महत्त्वाची आहे, लक्षात ठेवा.

आता तिथे दिवसभर होतं काय? लांबून बघणाऱ्याला दोन छोटी विमानं आणि एक वारा दाखवणारी कापडी नळी दिसते, बाकी शुकशुकाट. पण माझ्याकडे सकाळी सातच्या आत एक सेस्ना कॅराव्हॅन उतरायचं, एकच इंजिन असलेलं चौकोनी पोटाचं विमान, मोठ्या हबवरून, म्हणजे जिथे सगळीकडची पार्सलं एकत्र येतात तिथून, रात्रभरात आलेली पार्सलं घेऊन, आणि संध्याकाळी गावातली पार्सलं घेऊन परत जायचं. गावातल्या लोकांना वाटतं ओव्हरनाइट पार्सल ट्रकने येतं. उद्या हे विमान बंद झालं तर पार्सल येईल, पण दुपारी येईल, आणि संध्याकाळी पाठवायची शेवटची वेळ सहाऐवजी दोन होईल. दातांच्या लॅबला किंवा मशीनचे पार्ट पाठवणाऱ्या छोट्या वर्कशॉपला हे चार तास म्हणजे एक अख्खा दिवस असतो.

मग साडेआठ-नऊपासून फ्लाइट स्कूलचे विद्यार्थी, गोल गोल फिरून उतरायचं आणि परत उडायचं. याचा लोकांना त्रास होतो हे खरं आहे, आवाजाबद्दल पुढे बोलतो. पण २०१३ पासून एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायलासुद्धा साधारण १,५०० तासांचं उड्डाण लागतं, २००९ मध्ये बफेलोजवळ कोल्गन या एअरलाइनचं विमान पडलं त्यानंतर हा नियम कडक झाला, आणि हे तास पोरं कुठे भरणार? शिकागो किंवा अटलांटाच्या रनवेवर त्यांना जागा कोण देणार? ते भरले जातात तुमच्या गावासारख्या ठिकाणी. एक शाळा म्हणजे इन्स्ट्रक्टर, मेकॅनिक, इंधन, दोन-दोन वर्षं भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी, एवढं सगळं आलं.

उन्हाळ्यात फवारणीची विमानं. मक्याला बुरशी लागली की शेतकऱ्याच्या हातात थोडेच दिवस असतात, पीक डोक्याएवढं वाढलेलं असतं, शेतात ट्रॅक्टर घालता येत नाही. एअर ट्रॅक्टर नावाच्या फवारणीच्या मोठ्या विमानात ८०० गॅलन औषध मावतं आणि त्याचा पायलट दिवसभर उतरतो, भरतो, उडतो. विमानतळ जितका लांब तितका वेळ आणि इंधन हवेत जातं, आणि ते शेवटी शेतकऱ्याच्या एकरी बिलात येतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारखाना. मी मॅनेजर झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी एक छोटं जेट आलं, आतून चार माणसं उतरली, आम्ही दिलेली गाडी घेऊन गेली, साडेतीन तासांनी परत आली आणि उडाली. नाव विचारायचं नाही असा या धंद्यातला शिरस्ता आहे. दीड वर्षाने पेपरात आलं की गावाबाहेर पार्ट बनवणारा प्लांट येतोय. ते चौघं त्या दिवशी तीन गावं बघून गेले होते, एका दिवसात, हे मला नंतर कळलं. ज्या गावात त्यांचं विमान उतरू शकत नव्हतं ते गाव त्यांच्या यादीतच नव्हतं. विमानतळ होता म्हणून प्लांट आला असं मी कधीच म्हणणार नाही, जमीन, कामगार, वीज, रेल्वे, टॅक्स यातलं सगळं लागतं. पण विमानतळ नसता तर गाडी घेऊन पाहायलाच कोणी आलं नसतं, एवढं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो.

आणि इथेच रनवेची लांबी येते. लोक विचारतात ५,००० फूट, ५,००० फूट असं सगळे का म्हणत राहतात, ४,००० वर उतरणारं जेट आहे की. आहे. पण भाड्याने उडणाऱ्या जेटला नियम असा आहे की निघतानाच हिशोब मांडून दाखवावा लागतो की उपलब्ध रनवेच्या ६० टक्क्यांतच विमान थांबेल. आता गणित करा: ४,००० चे ६० टक्के म्हणजे २,४००. विमानाला थांबायला ३,००० लागत असतील तर रनवे ५,००० पाहिजे. म्हणून तो आकडा. शिवाय बऱ्याच कंपन्यांच्या विम्याची अटसुद्धा तिथेच असते. त्यामुळे ४,२०० फुटांचा रनवे आणि ५,००० फुटांचा रनवे यात फरक ८०० फुटांचा दिसतो, पण धंद्याच्या दृष्टीने ती दोन वेगवेगळी गावं असतात.

नावानिशी उदाहरणं द्यायची तर आर्कान्सासमधलं रॉजर्स घ्या, तिथल्या म्युनिसिपल विमानतळावर वॉलमार्टचा स्वतःचा विमानांचा ताफा आहे, शेजारच्या बेंटनव्हिलमध्ये त्यांचं मुख्यालय. सॅम वॉल्टन स्वतः छोटं विमान उडवत गावं वरून बघायचे, रस्ते कुठे मिळतात, घरं कुठल्या बाजूला वाढतायत, आणि दुकानाची जागा ठरवायचे. एवढी मोठी कंपनी आडवळणाच्या गावात राहून देशभर पसरली त्यात या विमानांचा हात आहे. दुसरं इंडियानातलं कोलंबस, पन्नास हजारांचं शहर आणि तिथे इंजिनं बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचं मुख्यालय, विमानतळ म्हणजे १९७० मध्ये बंद झालेला बाकालार एअर फोर्स बेस. तिसरं माझं आवडतं, कॅन्ससमधलं सलायना. १९६५ मध्ये शिलिंग एअर फोर्स बेस बंद झाला तेव्हा गावाला केवढा धक्का असेल विचार करा, आणि त्यांनी काय केलं तर १२,००० फुटांच्या वरचा रनवे ताब्यात घेतला, एअरपोर्ट अथॉरिटी काढली, आजूबाजूच्या इमारती कारखान्यांना भाड्याने दिल्या, विमानविद्येचं कॉलेज वाढवलं. विमानतळाकडे त्यांनी औद्योगिक वसाहत म्हणून बघितलं. मला वाटतं बाकीच्या गावांनी शिकण्यासारखं यात जास्त आहे.

रात्रीची एक गोष्ट सांगतो. छोट्या विमानतळावर रात्री टॉवर नसतो, माणूस नसतो, रनवेचे दिवे मंद किंवा बंद. पायलट लांबून रेडिओचं बटण दाबतो, पाच सेकंदात सात वेळा, की दिवे पूर्ण प्रकाशात लागतात. एका जानेवारीत रात्री दोन वाजता मी बर्फ काढायच्या गाडीवर होतो, ढग इतके खाली की बीकनचा, म्हणजे विमानतळाच्या फिरत्या दिव्याचा, उजेड वरच्या वर विरत होता, आणि अचानक अख्खा रनवे उजळला. एअर ॲम्ब्युलन्स होती. गावातल्या हॉस्पिटलमध्ये एक अगदी अपुऱ्या दिवसांचं बाळ होतं, त्याला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं होतं. हेलिकॉप्टरने त्या हवेत यायला नकार दिला होता. हे विमान ढगातून २५० फुटांवर बाहेर आलं आणि सरळ रनवेवर बसलं. तसं उतरण्यासाठी आमच्याकडे जमिनीवर कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. २००३ पासून जीपीएसच्या सिग्नलला दुरुस्ती देणारी उपग्रहांची व्यवस्था केंद्राने सुरू केली आहे आणि तिच्या जोरावर आता हजारो छोट्या रनवेंना जवळजवळ मोठ्या विमानतळासारखा ॲप्रोच, म्हणजे ढगातून खाली उतरायचा मार्ग, मिळालाय, यंत्रं बसवण्याचा आणि सांभाळण्याचा खर्च न करता. शहराने काय करायचं, तर रनवेच्या टोकासमोरची झाडं कापायची आणि तिथे उंच टॉवर उभा राहू द्यायचा नाही, बस. ज्या गावातलं हॉस्पिटल प्रसूती विभाग बंद करण्याच्या बेतात आहे, तिथे हे जास्तच लागतं.

मात्र यातलं काहीच कायमचं नसतं हेही सांगतो. पूर्वी रात्री बँकांचे चेक विमानांनी फिरायचे, पोत्यांनी, छोट्या गावांतून रोज रात्री विमान यायचं. ११ सप्टेंबर २००१ नंतर विमानं जमिनीवर बसली आणि चेक अडकले, मग २००३ मध्ये चेक २१ नावाचा कायदा आला, चेकचा फोटो पाठवला की चाललं, आणि बघता बघता काही वर्षांत ते सगळं काम संपलं. ज्या विमानतळांनी एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली होती ते बुडाले. म्हणून एका कंपनीवर, एका शाळेवर विसंबू नका, हे मी प्रत्येक कौन्सिलला सांगत आलोय.

आता पैसे. विमानतळाची कमाई म्हणजे इंधनावरचा थोडा नफा किंवा दर गॅलनमागे शुल्क, हँगरचं म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं भाडं, जमिनीची लीज, आणि कुंपणाच्या आतली गवताची किंवा शेतीची जमीन कोणी कसत असेल तर त्याचं भाडं. खर्च म्हणजे पगार, विमा, गवत, बर्फ, दिवे, डांबरातल्या भेगा भरणं. रोजचा खर्च निघाला तर खूप झालं. मोठं काम, म्हणजे रनवे नव्याने करणं, ते या कमाईतून कधीच होत नाही, ते १९८२ पासून चालू असलेल्या एअरपोर्ट इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅममधून होतं, आणि तो पैसा इन्कम टॅक्समधून येत नाही, विमानाच्या तिकिटावरचा ७.५ टक्के कर आणि विमानाच्या इंधनावरचा कर यातून येतो. तुमच्यासारख्या विमानतळाला नेहमी ९० टक्के केंद्राचे, २०२४ च्या कायद्याने २०२५ आणि २०२६ या दोन आर्थिक वर्षांसाठी ९५. समजा रनवेचं काम ४० लाख डॉलरचं आहे, तर ९० टक्क्यांनी ३६ लाख केंद्र देतं, उरलेल्या चारातला काही भाग बऱ्याच ठिकाणी राज्य देतं, आणि शहराच्या खिशातून दोन ते चार लाख जातात, तेही पंधरा-वीस वर्षांतून एकदा. शिवाय दरवर्षी दीड लाख डॉलरपर्यंतचा हक्काचा निधी असतो, तो वापरला नाही तर चार वर्षं साठवता येतो. मी अशी शहरं बघितली आहेत ज्यांनी हा निधी अर्ज न भरल्यामुळे वाया घालवला आणि मग विमानतळ परवडत नाही म्हणून ओरड केली. याचा मला मनापासून राग येतो, कारण चूक विमानतळाची नव्हतीच.

आणि हाच निधी घेतला की हात बांधले जातात, म्हणूनच तुमच्या कौन्सिलने जमीन विकायचं बोलण्याआधी वकिलाला जुनी कागदपत्रं काढायला लावावीत. निधी घेताना शहर सही करून हमी देतं: बांधकामासाठी पैसे घेतले असतील तर साधारण २० वर्षं विमानतळ चालू ठेवायचा, आणि जमीन केंद्राच्या पैशाने घेतली असेल तर त्याला मुदतच नाही. विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं, पार्क किंवा पोलिसांसाठी वळवायचं नाही. आणि लष्कराकडून मिळालेली जमीन असेल तर त्या जुन्या खरेदीखतातली अट वेगळीच, ती मोडली तर केंद्र जमीन परत मागू शकतं. शिकागोच्या महापौरांनी, रिचर्ड डेली यांनी, ३० मार्च २००३ च्या रात्री बुलडोझर पाठवून शहराच्याच मेग्स फील्ड या छोट्या विमानतळाच्या रनवेवर मोठाल्या फुल्या खणल्या, तेव्हा शहराला ३३,००० डॉलर दंड आणि वर दहा लाख डॉलर निधी परत करावा लागला. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने आपला विमानतळ बंद करायला कित्येक वर्षं कोर्टबाजी केली, शेवटी २०१७ मध्ये एफएए म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याशी समझोता झाला, रनवे ४,९७३ वरून ३,५०० फूट झाला आणि २०२८ संपल्यावर बंद करायची मुभा मिळाली. ते शहर श्रीमंत आहे, जमीन सोन्याच्या भावाची आहे, तरी एवढा काळ गेला. तीस हजारांच्या गावाने वकिलांची बिलं आधी मोजावीत.

इकॉनॉमिक इम्पॅक्ट रिपोर्टबद्दल बोललंच पाहिजे, कारण विमानतळाच्या बाजूची माणसं उद्या तोच घेऊन मीटिंगला येतील. राज्याचं विमान वाहतूक खातं असे रिपोर्ट काढतं, तुमचा विमानतळ गावाला वर्षाला इतके कोटी डॉलर देतो, इतक्या नोकऱ्या देतो वगैरे. हे आकडे इम्प्लान किंवा रिम्स टू नावाच्या मॉडेलमधून येतात: विमानतळावर खर्च झालेला डॉलर पुढे किती हातांतून फिरला त्याचा गुणाकार. मी स्वतः अशा रिपोर्टांसाठी सर्व्हे भरून घेतले आहेत, आणि माझं प्रामाणिक मत आहे की हे आकडे एकमेकांशी तुलना करायला ठीक आहेत पण बंद करायचं का या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. कारण विमानतळ नसता तर तो खर्च गावात दुसरीकडे झाला असता का, हे मॉडेल विचारत नाही. कुंपणाच्या आत ऑफिस आहे म्हणून एखाद्या कंपनीच्या सगळ्या नोकऱ्या विमानतळाच्या नावावर टाकलेल्या मी बघितल्या आहेत, ज्या कंपनीचा विमानाशी काडीचा संबंध नव्हता. त्यापेक्षा नावं काढा. विमानतळ गेला तर नेमकं कोण गाव सोडेल, कोणाचा खर्च वाढेल, कोणता पेशंट किती तास उशिरा पोचेल. अशी सात-आठ खरी नावं कोट्यवधींच्या एका आकड्यापेक्षा जड असतात.

एक मोह मात्र टाळा, एअरलाइन आणायचा. १९७८ मध्ये विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण गेलं तेव्हा ज्या गावांना सेवा होती त्यांच्यासाठी केंद्राने अनुदान ठेवलं, इसेन्शियल एअर सर्व्हिस, पण ते नव्या गावांना मिळत नाही. मग गावं व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढून एअरलाइनला कमाईची हमी देतात, टर्मिनल बांधतात, आगीचा बंब आणि त्यासाठी माणसं ठेवतात, आणि हमीचे पैसे संपले की विमान जातं. दीड तासावर मोठं विमानतळ असेल तर लोक स्वस्त तिकिटासाठी तिथेच गाडी घेऊन जाणार, कितीही अभिमान असला तरी. तो पैसा हँगरमध्ये घाला. तुमच्याकडे हँगरची वेटिंग लिस्ट आहे का बघा, बहुतेक ठिकाणी असतेच, म्हणजे भाडं द्यायला माणसं रांगेत उभी आहेत आणि आपल्याकडे द्यायला माल नाही.

शेजाऱ्यांच्या तक्रारी खोट्या नसतात हेही लिहितो. छोट्या पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये आजही शिसं असतं, २०२३ मध्ये पर्यावरण खात्याने ते आरोग्याला घातक असल्याचं अधिकृतपणे मान्य केलं आणि २०३० अखेरपर्यंत ते जायचं असं धोरण आहे. शहराने तोवर हात बांधून बसू नये, बिनशिशाच्या इंधनाची टाकी कुठे ठेवायची ते आत्ताच ठरवावं, इंजिन तपासायची जागा घरांपासून लांब न्यावी, शाळेच्या विमानांनी वळण शेताच्या बाजूला घ्यावं. आणि रनवेच्या टोकाला नव्या घरांना परवानगी देणं थांबवावं. हीच कौन्सिल आधी तिथे घरं मंजूर करते आणि दहा वर्षांनी त्याच घरांच्या तक्रारींवरून विमानतळ बंद करायला निघते.

तेव्हा मीटिंगला जाताना मॅनेजरकडून चार कागद मागून घ्या: इंधनविक्री महिन्यावारी आणि त्यात जेटचं किती, पिस्टनचं किती, सगळ्या लीज आणि त्यांचं भाडं शेवटचं कधी वाढलं, हक्काचा केंद्रीय निधी किती वर्षांचा पडून आहे, आणि हँगरची वेटिंग लिस्ट. मी ज्या विमानतळावर गेलो तिथे तीस वर्षांपूर्वी सही केलेली जमिनीची एक लीज होती, भाडं वाढवायचं कलमच नव्हतं, अख्ख्या हँगरच्या जागेचं वर्षाचं भाडं गावातल्या एका खोलीच्या दोन महिन्यांच्या भाड्याएवढंही नव्हतं. ती मुदत संपल्यावर बाजारभावाने केली, दुसऱ्या दोनही तशाच सुधारल्या, आणि कौन्सिल ज्या तुटीवर दरवर्षी भांडत होती तिच्यातली अर्ध्याहून जास्त तूट तिथेच भरून निघाली.